पक्ष्यांसाठी पहिला कॅमेरा घ्यायचा आहे : ब्रिज की मिररलेस? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मला पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे आणि तो फक्त पक्ष्यांसाठी. घरच्या कार्यांना आणि प्रवासाला फोन पुरतो.

राहते हडपसरला. थंडीत रविवारी सकाळी कवडी पाटचा नदीकाठ, जमेल तेव्हा सिंहगड व्हॅली, आणि रोहित (फ्लेमिंगो) आले की मैत्रिणींबरोबर भिगवण. आजवर ८ बाय ४२ची दुर्बीण आणि वही यांवर भागत होतं. आता ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) याद्या भरायला लागले आणि तिथे अडायला लागलं. कवडीच्या चिखलात टिलवे उतरतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. खूण सोपी आहे, पण पक्षी चिमणीएवढा, पाय चिखलाने माखलेले आणि मध्ये पाणी. दिसलं-न-दिसलं तोच थवा उडतो. फोटो असेल तर घरी निवांत बघता येईल, कुणा जाणकाराला दाखवता येईल. यादीत खात्रीने नाव लिहिता यावं ही माझी गरज आहे. सुंदर फोटो मिळाला तर आनंदच, पण ते नंतर.

बजेट ७५ हजारांपर्यंत, त्यातच कार्ड आणि बॅग. उजवं मनगट दुखरं आहे, म्हणून जड लेन्स नको.

वाचून आणि दुकानात विचारून तीन पर्याय समोर आहेत:

निकॉन कूलपिक्स पी९५०. हा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स बदलता येत नाही, पण झूम ८३ पट, म्हणजे २४ ते २००० मिमी. वजन साधारण एक किलो. सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मात्र फोनच्या सेन्सरसारखाच छोटा.

कॅनन १५००डी, दोन लेन्ससकट. दुकानदाराचा आग्रह याचाच आहे. "नवशिक्यांसाठी हाच" म्हणतात, पण पक्ष्यांचं नाव काढलं की गप्प होतात.

कॅनन आर५०. मिररलेस, हलका, पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून फोकस करतो म्हणे. पण सोबत मिळणारी लांब लेन्स २१० मिमीपर्यंतच आहे. ती पुरेल का?

ज्यांनी यातलं काही वापरलंय त्यांनी कृपया सांगा. विशेषतः पी९५०चा एवढा झूम खरोखर कामाचा असतो की नुसता जाहिरातीपुरता?

पाणकावळा

ताई, गरज इतकी नेमकी लिहिलीत की उत्तर देणं सोपं झालं. पी९५० घ्या.

गणित मांडतो. आर५०चा सेन्सर १.६ क्रॉपचा, म्हणजे लेन्सचे मिमी १.६ने गुणायचे, त्यामुळे २१० मिमीची लेन्स ३३६ मिमीसारखी चालते. पी९५०च्या २००० मिमीच्या जवळपास सहावा हिस्सा. तेवढाच मोठा पक्षी हवा असेल तर आर५०चा फोटो कापून कापून २४ मेगापिक्सेलचा एक मेगापिक्सेलही उरणार नाही. कॅननची आरएफ १००-४०० लेन्स लावली तरी ६४० मिमी होतात, आणि कापल्यावर अडीच मेगापिक्सेलच्या आसपास राहतात. शिवाय बॉडी आणि ती लेन्स नवीन घेतली तर तुमचं बजेट केव्हाच ओलांडलं जातं.

मी पी९५० वापरतो. भिगवणला कुंभारगावच्या होडीतून पलीकडच्या काठावर बसलेल्या पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता येतात. डायलवर पक्ष्यांसाठी वेगळा मोड आहे, सुरुवातीला तोच ठेवा. रॉ फाइलही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळते, जुन्या पी९००मध्ये ती सोय नव्हती. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की झूम क्षणभर मागे येतो आणि सोडलं की पुन्हा जागेवर जातो. २००० मिमीवर पक्षी चौकटीतून निसटला की त्या बटणाशिवाय सापडत नाही.

रानवाट

पाणकावळा यांचं गणित बरोबर आहे, पण ते उन्हातलं गणित आहे. ताईंनी सिंहगड व्हॅलीचं नाव घेतलंय. तिथे दाट सावली असते आणि नाचण किंवा स्वर्गीय नर्तक एका फांदीवर क्षणभर टेकत नाहीत. पी९५०ची लेन्स पूर्ण झूमवर एफ ६.५ आहे, म्हणजे प्रकाश कमी घेते, आणि सेन्सर इतका लहान की आर५०मधल्या एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ त्याच्या दहापटीहून जास्त भरतं. सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागतो आणि पिसांचा तपशील रवाळ होऊन पुसला जातो. उडत्या पक्ष्यावर त्याचा फोकस फार मागे पडतो. नदी सुरय पाण्यावर सूर मारताना टिपायचा असेल तर हा कॅमेरा तुम्हाला रडवेल.

माझा सल्ला वेगळा आहे. वापरलेली आर५० बॉडी, कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स आर५०वर बसवणारा अडॅप्टर आणि वापरलेली ईएफ-एस ५५-२५० एसटीएम लेन्स शोधा. तिन्ही मिळून वजन पाऊण किलोच्या थोडं वर, मनगटाला त्रास नाही. आवाका ४०० मिमीचा मिळेल. पुढे पैसे साठले की फक्त लेन्स बदलायची. १५००डीच्या मागे लागू नका. व्ह्यूफाइंडरमधून फोकसचे बिंदू नऊच, आणि त्यातून पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय नाही.

पाणकावळा

४०० मिमीत कवडीच्या टिलव्याचे पाय दिसतील का, एवढंच सांगा.

रानवाट

पलीकडच्या काठावरचे नाही दिसणार. हे मान्य. अलीकडे आला तर दिसतील.

गवताळ माळ

दोघांच्या मध्ये एक गोष्ट राहून गेली. ताई, २००० मिमी असला तरी हवा आडवी येते. सकाळी नऊ-साडेनऊनंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. कितीही महाग लेन्स लावा, हा दोष जात नाही. पी९५० घेतलात तर उजाडल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत जास्तीत जास्त काम उरका आणि सूर्य पाठीशी ठेवा. काठावर बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून फोटो काढा. स्थिर पक्ष्याला शटर १/५०० सेकंद असला तरी चालतो. उडत्याला १/२००० लागतो, म्हणून सुरुवातीला उडत्याच्या मागे लागूच नका.

वापरलेलं काही घेणार असाल तर लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आतली बुरशी बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. तशी दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नवीन घेतलात तरी जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राहील असं बघा. छोटा आर्द्रतामापक सहज मिळतो. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय दोन-चार हजार वाचवायला जाऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाट, तुमचा मुद्दा पूर्ण पटला. उडता सुरय आणि सावलीतला नर्तक ही माझीही स्वप्नं आहेत आणि ती पी९५०ने पुरी होणार नाहीत. तरीही मी पी९५०कडेच वळतेय. मी नदीकाठी जाते ती मुख्यतः यादीसाठी, आणि लांबचे चिखलपक्षी हाच माझ्या यादीतला कच्चा भाग आहे. तुतवार, कंठेरी चिखल्या, टिलवे, पिवळ्या धोब्यांचे प्रकार, सगळे लांब आणि सगळे उघड्यावर, उन्हात. तिथे मला आवाका हवा. सावलीतल्या पक्ष्याची ओळख बहुतेक वेळा आवाजावरून पटते, तिथे कॅमेऱ्यावाचून अडत नाही.

आता दोन छोटे प्रश्न. पी९५०ची बॅटरी सकाळभर पुरते का, की दुसरी आधीच घेऊन ठेवू? आणि मनगटासाठी मोनोपॉड बरा की खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा?

पाणकावळा

दुसरी बॅटरी नक्की घ्या. स्क्रीन आणि झूमची मोटर सतत चालते, थंडीतल्या लांब सकाळी एक पुरत नाही. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं ६४ जीबीचं पुरे. पट्टा घ्याच, वजन खांद्यावर जातं. मोनोपॉड कवडीला उपयोगी, होडीत नाही. होडी हलते तशी काठी हलते, तिथे पट्टा ताणून धरलेला बरा. पूर्ण झूमवर पक्षी शोधायचा सराव घराच्या गच्चीतून समोरच्या तारेवरच्या कोतवालावर करा. आधी कमी झूमवर त्याला मध्यभागी आणा, मग हळूहळू पुढे जा.

गवताळ माळ

आणि टिलवा उतरला की आधी पायांचा फोटो, मग बाकीचा. पाय चिखलाने भरलेले असतील तर थांबा, तो पाण्यात शिरला की धुतले जातात. शेपटीच्या कडाही बघा. टेमिंकच्या उडत्या टिलव्याच्या शेपटीच्या दोन्ही बाजू पांढऱ्या दिसतात, छोट्याच्या करड्या. उडताना फोटो धूसर आला तरी पांढरं आणि करडं यातला फरक कळतो.