मदत हवी आहे: पंजाचा ठसा घेतलाय, पण प्लास्टर तडकतंय

चिंचबन
भीमाच्या पुढच्या पंजाचा ठसा शाडूत घेतलाय. त्यात ओतण्याआधी वेगळा तुकडा करून पाहतोय, दर वेळी भेगा. ठसा एकच आहे, दुसरा आता मिळणार नाही. शाडू सुकायला लागलाय. पाण्याचं प्रमाण सांगा, लवकर.

सह्यवेडा
भीमा कोण? प्लास्टर कुठलं? थर किती जाड?

चिंचबन
माझा ग्रेट डेन कुत्रा. परवा गेला. थर इंचभर. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं सैल.

मातीकाम
प्रमाण नंतर, आधी ठसा वाचवा. हवाबंद डब्यात ठेवा, कडेला ओलं फडकं, पण ते ठशाला टेकू देऊ नका. वरून पाणी तर शिंपडूच नका. पंजाच्या गादीवरच्या बारीक रेघा लगेच पुसल्या जातात.

दंतकथा
अल्जिनेट, म्हणजे दातांचे ठसे घ्यायची पावडर, वापरायला हवं होतं. नखाभोवतीची घडीसुद्धा उमटते.

मातीकाम
कुत्रा गेलाय, वरती लिहिलंय. शिवाय अल्जिनेट पाणी सुटून लगेच आकसतं, त्यात ताबडतोब ओतावं लागतं. शाडू निदान थांबतो तरी.

पाणवठा
पुरलं असेल तर खड्डा किमान चार फूट हवा. दयामरणाचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यातलं औषध, पेंटोबार्बिटल, मांसात टिकून राहतं. भटक्या कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांनाही विषबाधा होते.

सह्यवेडा
चिंचबन, पावडर आणली कुठून ते सांगा ना.

चिंचबन
रंगकामातली उरलेली. पिशवीवर वॉल पुट्टी लिहिलंय. पांढरी पावडर ती एकच ना?

सह्यवेडा
नाही! पुट्टीत पांढरं सिमेंट असतं आणि ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या थरासाठी असते. इंचभर ओतली की वरचं आधी सुकून आकसतं, आतलं ओलंच राहतं, म्हणून भेगा. प्लास्टर ऑफ पॅरिस आणा, न फोडलेली पिशवी. दमट हवेत उघडं राहिलेलं प्लास्टर नीट धरत नाही.

व्हॅसलिनवाले
आधी ठशाला व्हॅसलिनचा हात द्या, सुटं निघेल.

मातीकाम
अजिबात नको. व्हॅसलिन रेघांत भरून बसतं. ओल्या शाडूतून प्लास्टर तसंच सुटतं.

ठशाभोवती सहा इंची पीव्हीसी पाइपचं कडं बसवा. अर्धा किलो प्लास्टर, ३०० मिली पाणी. पावडर पाण्यात भुरभुरायची, पाणी पावडरीत ओतायचं नाही, गुठळ्या होतात. दोन मिनिटं भिजू द्या, मग मिनिटभर सावकाश ढवळा. फेटलंत तर बुडबुडे येतील. कडेकडून ओता, नखांच्या खळग्यांत आपोआप उतरू द्या, ठशाखालचा पाट हलकेच ठोका. प्लास्टर गरम होईल, मग निवेल. पूर्ण निवल्याशिवाय काढू नका. शाडू मऊ ब्रशने, पाण्याखाली धुवा.

मूर्तिशाळा
काथ्या घाला, पेणच्या कारखान्यांत घालतात. नाहीतर पडल्यावर दोन तुकडे.

मातीकाम
घाला, पण मागच्या थरातच. पुढे आला तर पंजावर तंतू दिसतील.

नवापाहुणा
ग्रेट डेन सात-दहा वर्षांचाच सोबती. आता लॅब्रेडॉर आणा, जास्त जगतो.

सह्यवेडा
हे कोणी विचारलेलं नाही.

चिंचबन
शाडूत बोटांमधले केस अडकलेत. चिमट्याने काढू? आणि हे अंगणात चिकूखाली ठेवायचंय.

मातीकाम
केस राहू द्या. ओढलेत तर कडा फाटेल. प्लास्टर त्यांना धरून ठेवेल, ते भीमाचेच आहेत. पण अंगणात प्लास्टर पावसाळा काढणार नाही, पाण्याने झिजतं. ही प्रत घरात ठेवा. चार-पाच दिवस सावलीत सुकल्यावर तिच्यावरून सिलिकॉन रबरचा साचा काढा आणि त्यात एक भाग पांढरं सिमेंट, दोन भाग बारीक चाळलेली वाळू भरा. ती प्रत चिकूखाली.

सह्यवेडा
आणि उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये ओतू नका, पाइपात दगड होतो. बादलीत घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात.