आरोग्य धोरणावरचा विद्यार्थी गट : डॉक्टर बोलतात, बाकीचे ऐकतात. काय करावं?

दुसरं_वर्ष_पीएचडी

नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्रात पीएचडी करतेय. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

जूनमध्ये आम्ही सहा जणांनी एक गट काढला. दर गुरुवारी संध्याकाळी 6 वाजता आमच्या विभागातल्या लहान वर्गात जमायचं आणि आरोग्य धोरणावर बोलायचं. अट एकच, प्रत्येक वेळी निदान तीन वेगळ्या विषयांची माणसं हवीत. येणाऱ्यांत सार्वजनिक आरोग्याची दोन मुलं, दोन निवासी डॉक्टर, कायद्यात एलएलएम करणारा एक, समाजकार्याची एक, एमएस्सी नर्सिंगची एक आणि आम्ही अर्थशास्त्रवाले. पहिल्या गुरुवारी 19 जण आले, खुर्च्या शेजारच्या वर्गातून ओढून आणल्या. मागच्या गुरुवारी 7. त्यातले 2 बिस्किटांसाठी येतात, हे मी खात्रीने सांगू शकते.

विषय काही रटाळ नव्हते. एकदा 2017 चं राष्ट्रीय आरोग्य धोरण घेतलं. 2025 पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर नेऊ, हे त्यातलंच वचन. मी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतले, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबातले, आकडे फळ्यावर लिहिले. लोक थेट खिशातून करतात तो खर्च 2013-14 मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 टक्के. वाटलं, आता खडाजंगी होणार. एक डॉक्टर म्हणाला, "आमच्या वॉर्डात तर काही कमी झालेलं दिसत नाही," आणि पुढची 40 मिनिटं वॉर्डातल्या गोष्टी. गोष्टी खऱ्या असतात, ऐकत राहाव्याशा वाटतात. पण त्या संपल्या की कुणाकडे बोलायला काही उरत नाही. वॉर्डात रात्र काढून आलेल्या माणसापुढे मी एक्सेलची शीट काय धरणार?

पुढच्या वेळी महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची विमा योजना. बोलता बोलता मी 'मॉरल हॅझर्ड' म्हणाले. विमा असला की माणूस गरज नसतानाही सेवा घेतो, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. नर्सिंगची मुलगी फिस्सकन हसली. काय झालं विचारलं, तर "काही नाही ताई." नंतर जिन्यात गाठलं तेव्हा बोलली. मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा ट्रॅक्शन लावून पडून होते, कारण रेशनकार्डावर घरी हाक मारतात ते नाव आणि आधारवर पाळण्यातलं, म्हणून योजनेची मंजुरी अडलेली. आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याच्या, टेबलापासून तहसील कचेरीपर्यंत मुलाच्या खेपा चालू. "गरज नसताना कोण एवढं करील, ताई?"

हे वर्गात यायला हवं होतं, आलं जिन्यात. डॉक्टर मुलं समोर असली की ती तोंड उघडत नाही. मुलं वाईट नाहीत हो, पण वॉर्डातली उतरंड आमच्या वर्गातही येऊन बसते.

आमचे सर म्हणतात, पाहुणे वक्ते बोलवा. मला त्याचीच धास्ती आहे, मग तर सगळेच ऐकतील. कुणी असा गट चालवलाय का? टिकला का?

रात्रपाळी

तुमच्या गटातला डॉक्टर मी नाही, पण असू शकलो असतो.

आम्ही एवढं बोलतो त्याचं कारण सांगतो. सलग ड्युटी करून आलेल्या माणसाचं कुणी ऐकून घेतंय, असं एरवी होतच नाही. म्हणून वर्गात सुटतो. दुसरं, धोरणातलं आम्हाला फार काही येत नाही. पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, तिसऱ्या वर्षाला घोकलं, पेपर झाला, विसरलो. एका उपचाराला योजना जी ठरलेली रक्कम देते तिच्याबद्दल "पॅकेजचा दर परवडत नाही" हे मी शंभरदा तरी बोललो असेन. तो दर ठरवतात कसा, हे कुणी विचारलं तर ततपप होईल. म्हणजे विचाराच. गोष्ट सांगून झाली की लगेच विचारायचं, "याचा कागद कुठून निघतो?"

आणि 6 ची वेळ बदला. तेव्हा संध्याकाळचा राउंड असतो. येतो तो कुणाला तरी टोपी घालून आलेला असतो.

जुना_कार्यकर्ता

अगं, तुझा प्रश्न पन्नास वर्षांचा आहे.

1974 साली मेडिको फ्रेंड सर्कल सुरू झालं, आरोग्याच्या प्रश्नांवर एकत्र विचार करणाऱ्यांचा गट. नाव डॉक्टरांचं, पण त्यात डॉक्टर नसलेलेही होते आणि खमके होते. तिथली एक शिस्त मला फार आवडायची. वार्षिक बैठकीचे निबंध आधीच सगळ्यांना पाठवलेले असायचे आणि बैठकीत कुणी निबंध वाचून दाखवायचा नाही. वाचलाय असंच धरायचं आणि थेट वादाला बसायचं. व्याख्यान मुळातच गेलं की पदवीचा निम्मा रुबाब जातो.

दुसरं उदाहरण जरा वरच्या पातळीवरचं. 'सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी व्यूहरचना' हा 1981 चा अहवाल मिळवून वाच. सामाजिक शास्त्रांची परिषद आणि वैद्यकीय संशोधनाची परिषद, दोघींनी मिळून नेमलेल्या गटाचा तो अहवाल. त्यामागे जे. पी. नाईक होते, आपल्या कोल्हापूरकडचे, शिक्षणातले माणूस. एकट्या डॉक्टरांनी लिहिला असता तर तो असा झाला नसता, असं माझं मत आहे. (त्यातलं अमलात किती आलं, हे विचारू नकोस. रक्तदाब वाढतो.)

पाहुणे बोलवायचेच असतील तर एखाद्या आशाताईंना बोलव. फक्त त्यांना 'अनुभव कथन' करायला लावू नकोस, वादात ओढ.

कलम_बहाद्दर

एलएलएमवाल्यांच्या वतीने एक तक्रार. आम्हाला फक्त "हे कोणत्या कलमात बसतं?" एवढंच विचारतात. त्यामुळे आम्ही कलमच सांगतो आणि सगळे जांभया देतात.

विषय ठेवण्याऐवजी मध्ये एखादा कागद ठेवून बघा. आमच्याकडे शुश्रूषागृह नोंदणीचे नियम एकदा असे वाचले. महाराष्ट्राचा कायदा 1949 चा. केंद्राचा दवाखान्यांच्या नोंदणीचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे सगळी भिस्त या जुन्यावरच. 2021 च्या दुरुस्तीने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं. आम्ही पाच जण पाच दवाखान्यांत बघून आलो. एका ठिकाणी दरपत्रक होतं खरं, पण पुढे कुंडी.

दुसरं_वर्ष_पीएचडी

तीन आठवड्यांनी परत आलेय. वेळ 7 ची केली आणि कलम_बहाद्दर यांचं ऐकलं.

कागद म्हणून मामांचं बिल नेलं. हर्नियाचं ऑपरेशन, एका खाजगी दवाखान्यात तीन दिवस. नावगाव खोडून 12 झेरॉक्स काढल्या, आदल्या सोमवारी वाटल्या. एकूण 84,350 रुपये. नियम असा की प्रत्येकाने एकाच ओळीवर बोट ठेवायचं आणि ती आपल्याला का खटकली ते सांगायचं. डॉक्टरांची पाळी शेवटी.

नर्सिंगच्या मुलीने औषधांच्या पानावर बोट ठेवलं. हातमोजे, 62 जोड्या. मी ती ओळ चार वेळा वाचली होती आणि मला काही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "ऑपरेशनला सहा-आठ धरा, ड्रेसिंगला चार. उरलेले कुठे गेले सांगू? काही ठिकाणी वॉर्डाला हातमोज्यांचा खोका वेगळा मिळत नाही. सिस्टर कुणाच्या तरी नावावर मागवते आणि तो अख्ख्या वॉर्डाला चालतो. सिस्टरला दुसरा इलाजच नसतो." निवासी डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. चार वर्षं तो अशाच खोक्यातून हातमोजे ओढतोय, कुणाच्या नावावर ते त्याला ठाऊक नव्हतं.

मग गाडी सुटली. एलएलएमवाला म्हणाला, दरपत्रकात खोलीचा दर येईल, ही ओळ कशी येणार? आणि औषधं बाहेरून आणायची मुभा होती का? मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या सनदेत तो हक्क धरलाय. मी म्हटलं, ही तर दवाखान्याच्या खर्चाची वाटणी झाली, फक्त वाटणी करणाऱ्याला कुणी नेमलेलं नाही. सार्वजनिक आरोग्याचा मुलगा उलट्या बाजूने आला. हातमोजे मोजायला लागलो की पहिली काटकसर संसर्गाच्या काळजीत होईल, मग? यावर 20 मिनिटं नुसती भांडाभांडी. डॉक्टर पक्षात आणि विरोधात दोन्हीकडे होते.

समाजकार्याची मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. तिने बोट ठेवलं ते 'रोख जमा' या ओळीवर. "हे कुठून आले?" मला माहीत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता. मामींनी पाटल्या गहाण टाकल्या होत्या. आमच्या लेख्यांत हे सगळं 'खिशातून' म्हणून धरतात. मामींच्या साडीला खिसा नाही.

मामा-मामी जन आरोग्य योजनेत का गेले नाहीत, हाही प्रश्न आलाच. तेव्हा त्यांचं रेशनकार्ड पांढरं होतं आणि ते योजनेत बसत नव्हतं. योजना सगळ्यांसाठी करून 5 लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय 2023 चा, बिल त्याच्या आधीचं.

11 जण होते. बिस्किटांवाले दोघे आले होते, त्यातल्या एकाने भूलतज्ज्ञाच्या फीवर बोट ठेवलं.

रात्रपाळी

हर्नियाला 62 जोड्या? ते पान टाका इथे. आमच्याकडे कुणाच्या नावावर मागवतात ते उद्या सिस्टरांना विचारतो.

दुसरं_वर्ष_पीएचडी

टाकते, दवाखान्याचा शिक्का झाकून. त्यांना नीट विचारा हं, चौकशी आल्यासारखं नको. आमच्या नर्सिंगच्या मुलीने दोनदा बजावलंय की सिस्टरवर शेकता कामा नये.

पुढच्या गुरुवारी तिचा कागद आहे, प्रीऑथचा, म्हणजे योजनेतून उपचाराआधी मंजुरी मागायचा, कोरा फॉर्म. कुणाकडे जुना, योजना केशरी कार्डापर्यंतच होती त्या काळातला असेल तर नावं खोडून पाठवा.