पोर्तुगीज वंशाच्या मुलांसाठी कॉलेजची स्कॉलरशिप, मुलीला मिळेल का?

फॉलरिव्हरची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हरला असतो. मी मराठी, नवऱ्याचे आजी-आजोबा पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या फायाल बेटावरचे, १९५७ ला तिथे ज्वालामुखी फुटला त्यानंतर इकडे आले. लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, नर्सिंग करायचंय. पोर्तुगीज वंशाच्या मुलांना वेगळ्या स्कॉलरशिप असतात असं सासूबाई सारखं सांगतात, पण आडनाव सोडलं तर हिच्याकडे दाखवायला काही नाही, भाषाही जेमतेम कळते. आई मराठी म्हणून अडेल का? आणि पुरावा काय लागतो?

साउथकोस्टवाला:
ताई, आई मराठी म्हणून सहसा अडत नाही, एका बाजूने वंश असला की बऱ्याच ठिकाणी चालतं, किती पिढ्या मागचं चालेल ते अर्जात बघून घ्या. तुमच्या घरचे बहुतेक १९५८ च्या अझोरियन रेफ्युजी अ‍ॅक्टवर आले असणार, केनेडी आणि पास्टोरे या दोन सिनेटरांनी तो आणला होता, सुरुवातीला कुटुंबप्रमुखांसाठी १५०० व्हिसा होते. म्हणजे घरात कुठेतरी आजोबांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अमेरिकन नागरिकत्व मिळाल्याचं, असेल, जुन्या सर्टिफिकेटवर आधीचं राष्ट्रीयत्व लिहिलेलं असतं, पुरावा म्हणून आधी तेच शोधा. त्याच्याही मागे जायचं असेल तर पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी सरकारकडे सक्तीची झाली १९११ मध्ये, त्याआधीचं सगळं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, आणि अझोर्सच्या बऱ्याच वह्या स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यात. हस्ताक्षर वाचताना डोळे जातात, पण गावाचं आणि चर्चचं नाव माहीत असेल तर सापडतं. सासूबाईंना ते आत्ताच विचारून लिहून ठेवा.

हिशोबी_बाबा:
एक कळकळीने सांगतो, मोठा पैसा वंशाच्या स्कॉलरशिपमधून येत नाही, तो येतो सरकारी मदतीतून आणि युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या ग्रँटमधून. त्यामुळे आधी फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरा, एरवी तो १ ऑक्टोबरला उघडतो, खाजगी कॉलेज असेल तर सीएसएस प्रोफाइल हा कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा अर्जही लागू शकतो. आणि बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेजला कळवावी लागते, मग काही कॉलेजं तेवढीच स्वतःची ग्रँट कमी करतात, म्हणजे पोरीने निबंध लिहून मिळवलेले पैसे कॉलेजच्याच खिशात. फायनान्शियल एड ऑफिसला सरळ विचारा की आधी लोन कमी करणार का ग्रँट, आणि उत्तर ईमेलवर घ्या. ट्यूशन म्हणजे कॉलेजची फी आणि लागणारी पुस्तकं यावर खर्च झालेली स्कॉलरशिप टॅक्सफ्री असते, राहण्या-जेवणावर गेली तर टॅक्स लागतो.

मीरा_सॅनहोजे:
कॅलिफोर्नियात लुसो-अमेरिकन एज्युकेशन फाउंडेशन आहे, १९६३ पासूनचं, पण त्यांचा भर इकडच्या मुलांवर, तुम्हाला तिकडचंच बघावं लागेल. तुमच्याकडे तर केवढे पोर्तुगीज क्लब, होली घोस्टच्या सणाच्या सोसायट्या आणि चर्चेस, त्यांच्या स्कॉलरशिप छोट्या असतात पण अर्जही थोडे येतात, आणि कितीतरी वेळा त्या वेबसाइटवर दिसतच नाहीत, शाळेच्या गायडन्स काउन्सिलरकडे नुसता कागद येऊन पडतो. सासूबाईंचा क्लब असेल तर मेंबरच्या नातवंडांसाठी काही आहे का विचारा. आणि यूमास डार्टमथ ही सरकारी युनिव्हर्सिटी तुमच्या शेजारीच, तिथे पोर्तुगीज स्टडीजचं केंद्र आहे, शिवाय नर्सिंगही. तिने पोर्तुगीजचा एक कोर्स घेतला तर निबंधात लिहायला खरं काहीतरी होईल, काही स्कॉलरशिपमध्ये भाषा शिकणाऱ्यांनाही धरतात.

मडगावचा:
मधेच विचारतो, माझे वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, आमच्या मुलाला हे चालेल का?

साउथकोस्टवाला:
जाहिरातीत वंश लिहिलाय की नागरिकत्व ते बघा. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं, पण नुसत्या वंशाच्या स्कॉलरशिपला ते पुरेलच असं नाही, अर्ज करायच्या आधी ईमेल करून विचारा. नागरिकत्व असेल तर मात्र दुसरी वाट आहे, पोर्तुगालच्या सरकारी युनिव्हर्सिटीत पदवीची फी वर्षाला सुमारे ७०० युरो, आणि परदेशी स्थायिक पोर्तुगीज आणि त्यांच्या वंशजांसाठी प्रवेशाच्या पहिल्या फेरीत ७ टक्के जागा राखीव असतात. शिकवणं बहुतेक पोर्तुगीजमध्ये, त्याची तयारी हवी.

फॉलरिव्हरची_सून:
सगळ्यांचे खूप आभार. सासूबाईंना विचारलं, त्यांचा परिश, म्हणजे चर्चचं गाव, कापेलो, ज्वालामुखीच्या अगदी जवळचा. सर्टिफिकेट नवऱ्याच्या काकांच्या ट्रंकेत आहे म्हणे, रविवारी जाऊन फोटो काढतो. फाफ्साला आज रात्रीच बसतोय. काउन्सिलरला क्लबांची यादी मागितलीये, मिळाली की इथेच टाकते, या भागातल्या बाकीच्यांनाही होईल.