शब्दचर्चा : ‘सौम्य आम्ल’, ‘विरल आम्ल’ आणि कार्बॉक्सिलिक आम्लांची नावे

प्रश्न : मी गिरगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. ‘व्हिनेगर विरल असल्यामुळे ॲसेटिक आम्ल सौम्य असते’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. ‘सौम्य’ आणि ‘विरल’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? शिवाय एकाच पदार्थाला ॲसेटिक आणि इथेनॉइक अशी दोन नावे कशाला, असे मुले विचारतात. आम्लतेविषयी बोलताना यांपैकी कोणते वापरावे?

प्रतिसाद : ते वाक्य चूक आहे आणि त्याला पूर्ण गुण देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलताना आपण पावडर जास्त घातलेल्या चहाला ‘कडक’ किंवा ‘स्ट्रॉंग’ म्हणतो, म्हणजे तिथे प्रमाणालाच जोर समजतो. तीच सवय मुले रसायनशास्त्रात आणतात. विरल आणि संहत ही द्रावणाची विशेषणे आहेत : किती पाण्यात किती आम्ल, एवढेच ती सांगतात. सौम्य आणि तीव्र ही मात्र त्या पदार्थाची विशेषणे आहेत. त्याचा रेणू पाण्यात आपला प्रोटॉन (हायड्रोजन आयन) कितपत सहज सोडतो, हे त्यांतून कळते आणि पाणी वाढवल्याने पदार्थाचा हा स्वभाव बदलत नाही.

आकड्यांत पाहू. ॲसेटिक आम्लाच्या १ मोलर (लिटरमागे एक मोल) द्रावणात दर हजार रेणूंपैकी सुमारे चारच रेणूंचे विचरण झालेले असते, म्हणजे त्यांचा प्रोटॉन सुटलेला असतो, आणि सामू (पीएच; तो जितका कमी, तितके द्रावण अधिक आम्लधर्मी) सुमारे २.४ येतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचे ०.००१ मोलर द्रावण घेतले, तर त्यातील जवळजवळ सगळे रेणू विचरित असूनही सामू ३ असतो. म्हणजे सौम्य आम्लाचे संहत द्रावण हे तीव्र आम्लाच्या विरल द्रावणापेक्षा अधिक आम्लधर्मी ठरले. आता याच दोन आम्लांची ०.१ मोलर द्रावणे प्रत्येकी १० मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडावे. दोघांनाही १० मिलिलिटरच लागते, कारण सुटा प्रोटॉन वापरला गेला की ॲसेटिक आम्लाचा पुढचा रेणू आपला प्रोटॉन सोडतो आणि अखेरीस सगळेच रेणू संपतात. एका ‘आम्लता’ शब्दाखाली असे तीन अर्थ वावरतात : द्रावणाची आम्लता, जी सामूने मोजतात, पदार्थाची आम्लता, जी पीकेएने (प्रोटॉन सोडण्याची सहजता दाखवणाऱ्या आकड्याने) मोजतात, आणि ब्युरेटने काढलेली एकूण आम्लता, जी व्हिनेगरच्या बाटलीवर कधी टक्क्यांत छापलेली असते. वाक्यात कोणती अभिप्रेत आहे, ते प्रत्येक वेळी लिहिलेच पाहिजे. (पोटातल्या ॲसिडिटीचा या आम्लांशी संबंध नाही, कारण जठररसात असते ते हायड्रोक्लोरिक आम्ल.)

आता नावे. रूढ नाव पदार्थ कुठून आला ते सांगते. फॉर्मिक हे मुंगीच्या लॅटिन नावावरून आले, कारण जॉन रे याने १६७१ मध्ये ते मुंग्यांचे ऊर्ध्वपातन करून मिळवले होते. ॲसेटिक हे शिरक्याच्या (व्हिनेगरच्या), तर ब्युटिरिक हे लोण्याच्या नावावरून आले. बेन्झोइकचे मूळ ‘लुबान जावी’ या अरबी शब्दांत आहे, म्हणजे आपण धुपात घालतो त्या लोबानाशी त्याचे नाते निघते. ही नावे जपावीत असे मला मनापासून वाटते. लालबागच्या मसाल्याच्या दुकानातली चिंच दाखवून टार्टारिक आणि लिंबूसत्त्व दाखवून सायट्रिक आम्ल शिकवता येते. परंतु कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तिन्ही नावे शेळीवरूनच पडली आहेत आणि त्यांत अनुक्रमे सहा, आठ आणि दहा कार्बन आहेत, हे नावावरून कळण्याचा काहीही मार्ग नाही. असा गोंधळ टाळण्यासाठीच १८९२ मध्ये जिनिव्हा येथे पद्धतशीर नामकरणाचा पाया घातला गेला.

त्या पद्धतीत कार्बॉक्सिल गटाचा (–COOH, या आम्लांचा ओळखीचा गट) कार्बन नेहमी पहिला मोजतात आणि त्याचा समावेश साखळीतच करतात. म्हणून दोन कार्बनांचे ते इथेनॉइक आम्ल. आम्लतेच्या चर्चेत हेच नाव वापरावे, याचे कारण त्यातला क्रमांक आम्लतेबद्दल थेट बोलतो. साध्या ब्युटेनॉइक आम्लाचा पीकेए ४.८२ आहे. चौथ्या कार्बनवर क्लोरीन बसवला, तर तो ४.५२ होतो, तिसऱ्यावर ४.०५ आणि दुसऱ्यावर २.८६. पीकेए जितका कमी, तितके आम्ल तीव्र. विद्युतऋण क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि प्रोटॉन गेल्यावर उरलेल्या आयनावरील ऋण प्रभार हलका करतो. मात्र ही ओढ एकेका बंधागणिक क्षीण होत जाते, आणि नेमके तेच अंतर नावातला क्रमांक मोजत असतो. जुन्या पद्धतीत ‘अल्फा’ म्हणजे कार्बॉक्सिलच्या शेजारचा, अर्थात दुसरा कार्बन, हेही मुलांना सांगावे. ‘अल्फा म्हणजे एक’ ही चूक फार आढळते.

मुळात कार्बॉक्सिल गट आम्लधर्मी का, याचे उत्तरही प्रोटॉन गेल्यावर उरलेल्या आयनातच आहे. इथेनॉलचा पीकेए सुमारे १६ आणि इथेनॉइक आम्लाचा ४.७६, म्हणजे फरक सुमारे शंभर अब्ज पटींचा झाला. अल्कोहोलच्या आयनात सगळा ऋण प्रभार एकाच ऑक्सिजनवर राहतो, तर कार्बॉक्सिलेटमध्ये (कार्बॉक्सिल गटाच्या आयनात) संस्पंदनामुळे, म्हणजे इलेक्ट्रॉन एका जागी न राहता पसरल्यामुळे, तो दोन ऑक्सिजनांत सारखा वाटला जातो. सोडियम फॉर्मेटच्या स्फटिकात कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दोन्ही बंध १२७ पिकोमीटरचे, अगदी सारखे भरतात.

पुरवणी प्रश्न : मग कार्बोलिक ॲसिड, पिक्रिक ॲसिड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड ही कार्बॉक्सिलिक आम्ले समजावीत का? खाण्याच्या सोड्याने ओळख पटेल का?

प्रतिसाद : तिघांतही कार्बॉक्सिल गट नाही. कार्बोलिक म्हणजे फिनॉल. त्याचा पीकेए सुमारे १०, कार्बॉनिक आम्लाच्या (सोड्यातून फसफसून निघणारा वायू याच आम्लातून येतो) ६.३५ पेक्षा बराच वर, म्हणून सोड्याबरोबर ते फसफसत नाही. पिक्रिक हे तीन नायट्रो गट असलेले फिनॉल आहे आणि त्याचा पीकेए ०.४ च्या आसपास असल्याने ते फसफसते, ॲस्कॉर्बिकही फसफसते. सोड्याची परीक्षा पुरेशी आम्लता ओळखते, गट ओळखत नाही.

आणखी एक प्रश्न : ‘ग्लेशियल’ ॲसेटिक आम्ल म्हणजे अतितीव्र का?

प्रतिसाद : नाही. ग्लेशियल म्हणजे जवळजवळ निर्जल. ते १६.६ अंश सेल्सिअसला बर्फासारखे गोठते. मुंबईच्या हवेत प्रयोगशाळेतली बाटली सहसा द्रवच राहते, पण फ्रिजमध्ये ठेवली की घट्ट होते. त्याचा उत्कलनांक ११८ अंश आहे, तर तेवढ्याच रेणुवस्तुमानाच्या प्रोपेन-१-ऑलचा ९७, कारण आम्लाचे रेणू दोन-दोन हायड्रोजन बंधांनी जोडीने बांधलेले असतात. त्याहून संहत ॲसेटिक आम्ल असूच शकत नाही आणि तरीही ते सौम्यच आहे : शुद्ध स्थितीत ते विजेचे अत्यल्प वहन करते आणि पाणी घालू लागले की वहन वाढते. तथापि त्याच्या स्पर्शाने त्वचा भाजते, म्हणून ‘सौम्य’ हा शब्द फळ्यावर लिहिताना त्याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा नाही, हेही त्याच तासाला सांगावे.