मदत हवी आहे : काम सुरू केलं तर निराधार अनुदान बंद होईल का?

नमस्कार. माझ्या धाकट्या जावेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 1500 रुपये मिळतात. दीर गेले, पदरी दोन लहान मुलं. आता उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटातून कर्ज घेऊन शिलाई मशीन घ्यायचं ठरतंय, हात चांगला आहे तिचा. पण योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1750. हंगामात ब्लाउज शिवूनही तेवढे होतील, आणि म्हणून ती घाबरते आहे. रोजगार हमीचंच बघा ना, 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. शंभर दिवस भरले तर 31,200! सरकारच्याच कामावर गेलेली बाई सरकारच्याच मर्यादेबाहेर. स्वतःच्या पायावर उभं राहू पाहणाऱ्या बाईला हे फार जाचक आहे असं माझं ठाम मत आहे.

तलाठी एक सांगतात, सेतूवाले दुसरंच. कुणी संजय गांधी समितीवर असाल किंवा तहसीलमध्ये काम केलं असेल तर कृपया सांगा : धंद्याचं उत्पन्न दाखल्यात कसं धरतात? मशीनचा हप्ता, कापड-दोऱ्याचा खर्च वजा होतो का? आणि मर्यादा ओलांडली की अनुदान लगेच थांबतं, की आधी नोटीस येते?