मदत हवी आहे: 'लॉग इन'मधला 'लॉग' आला कुठून?

नमस्कार मंडळी,

परळच्या एका रात्रशाळेत दहावीला इंग्रजी शिकवते. मुलं दिवसभर कामं करून येतात, त्यामुळे प्रश्न पुस्तकाबाहेरचेच जास्त. परवा फ्रेजल व्हर्ब चालू होते. माझगावच्या गोदीत हेल्परी करणाऱ्या एकाने विचारलं, "मॅडम, लॉग म्हणजे ओंडका ना? मग लॉग इन म्हणजे ओंडका आत टाकायचा?"

वर्ग हसला, पण प्रश्न बिनतोड आहे. 'सिट डाउन'चा अर्थ दोन शब्द जोडून लागतो. 'गिव्ह अप'चा लागत नाही, तिथे मी सरळ पाठ करा म्हणते. 'लॉग इन' कुठल्या रांगेत बसवू? शब्दकोशाने जहाजावरच्या नोंदवहीपर्यंत आणून सोडलंय. पण ओंडक्याची वही झाली कशी, आणि ती कॉम्प्युटरात शिरली कशी?

जाता जाता: मुलं 'आय लॉगिन्ड' लिहितात. क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक, भूतकाळ 'लॉग्ड इन', असं मी शिकवते. बरोबर ना? ॲपवाल्यांनी बटणावर जोडून लिहून माझं काम वाढवून ठेवलंय.

प्रतिसाद:

मॅडम, पोरगा गोदीतला शोभतो! ओंडकाच आहे तो. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिडाच्या जहाजांवर वेग मोजायला दोरीला बांधलेलं लाकूड पाण्यात सोडत. पुढे त्याची पाव वर्तुळाच्या आकाराची फळी झाली. गोल कडेला शिसं ठोकलेलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहून जागच्या जागी अडते आणि जहाज पुढे जाईल तशी दोरी सुटत जाते. दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या तितके नॉट वेग. नॉट म्हणजे गाठच की! हा आकडा ज्या वहीत चढवायचा ती लॉगबुक. पुढे त्यात वारा, दिशा, सगळंच लिहू लागले आणि 'लॉग' म्हणजे नोंद करणं झालं.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर 1960च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये एकाच मशीनवर अनेकजण काम करायचे. कोण बसलं, किती वेळ वापरलं, याचा हिशेब ठेवावा लागे. त्या सीटीएसएस प्रणालीत 'लॉगिन' ही आज्ञा होती. आपली नोंद करून आत शिरायचं, म्हणून 'इन'. तेव्हा पाठ करायला लावू नका, अर्थ लागतो. व्याकरण तुमचं बरोबर आहे.

धागाकर्ती:

मनापासून आभार, काका. उद्या सुतळीला गाठी मारून वर्गात नेते. आता 'लॉग आउट' आणि 'लॉग ऑफ' यांत काही फरक आहे का, तेही कोणीतरी सांगा. तो विचारणारच.