केवळ संशोधनासाठी पेट-सीटी : एथिक्स कमिटीच्या अर्जाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर प्रबंधासाठी मणक्याच्या क्षयरोगावर काम करत आहे. औषधांचा गुण येतो आहे की नाही, हे एमआरआयपेक्षा लवकर कळते का, ते पाहण्यासाठी उपचारादरम्यान एक जादा एफडीजी पेट-सीटी (एफडीजी हे साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचून केला जाणारा स्कॅन) करण्याचा विचार आहे. रुग्णाच्या उपचारासाठी हा स्कॅन आवश्यक नाही आणि माझी खरी अडचण तीच आहे.

आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारीही आहेत. तथापि, केवळ अभ्यासासाठी रुग्णाला किरणोत्सर्ग देणे समर्थनीय आहे का, हे एथिक्स कमिटीला स्वतंत्रपणे पटवून द्यावे लागेल. 'वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा कमी' (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) असे अर्जात लिहावे, असा सल्ला मला मिळाला. पण ती किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीची, पाच वर्षांच्या सरासरीवर मोजली जाणारी मर्यादा आहे आणि संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तिचा आधार घेणे मला अप्रामाणिक वाटते.

आयसीआरपीच्या (आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या) ६२ क्रमांकाच्या प्रकाशनातील वर्गवारी अधिक योग्य वाटते. तीनुसार १ ते १० मिलिसिव्हर्टसाठी अभ्यासातून मध्यम स्वरूपाचा सामाजिक लाभ अपेक्षित असतो, तर १० च्या वर तो भरीव असावा लागतो. ३७० मेगाबेकरेल (द्रव्याच्या किरणोत्सारितेचे एकक) एफडीजीमुळेच सुमारे ७ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यात संपूर्ण शरीराच्या सीटीची भर पडली की १० ची रेषा सहज ओलांडली जाऊ शकते. एफडीजी निम्मे केले आणि सीटी बाधित मणक्यापुरतेच घेतले, तर मात्रा बरीच खाली येईल. मात्र स्कॅनचा वेळ वाढेल आणि पाठीच्या तीव्र वेदना असलेल्या रुग्णाला तेवढा वेळ निश्चल पडून राहणे कठीण जाईल, याची मला काळजी वाटते.

ज्यांनी असे प्रस्ताव मंजूर करून घेतले आहेत किंवा कमिटीवर काम केले आहे, त्यांच्याकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. मात्रेचा हिशेब सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सहीने जोडावा लागतो की वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचा स्वतंत्र अहवाल मागितला जातो? तसेच, मराठी संमतीपत्रात कर्करोगाची किंचित वाढणारी शक्यता आपण कोणत्या शब्दांत मांडली? 'या तपासणीचा तुम्हाला स्वतःला उपचारात फायदा होणार नाही' हे वाक्य मी पहिल्याच परिच्छेदात ठेवले आहे आणि ते तिथून हलवण्याची माझी तयारी नाही. पुढील मजकुरासाठी मात्र आपले मार्गदर्शन हवे आहे.